अर्धलीची कोंबडी

आमच्या परसात कोंबड्या आल्या त्याला आता तीन वर्षे होत आली. आम्ही दोघेही कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि कोंबडी हा जीव तोपर्यंत आम्हाला प्रामुख्याने म्हणींतून व ग्रामीण कथांतून ठाऊक होता. 'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' ही म्हण आम्ही कितीतरी वर्गांना समजावून सांगितली असेल. तिचा लक्ष्यार्थ आम्हाला चांगला सांगता येई. कोंबडे झाकतात ते कशाने, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले असते तर मात्र आमची पंचाईत झाली असती. डालग्याने, हे उत्तर वर्गातल्या निम्म्या मुलांना येत होते आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या आम्हाला येत नव्हते.

सुरुवात साधीच होती. घरामागे सात-आठ गुंठे मोकळी जागा, ताज्या अंड्यांची हौस आणि काहीतरी हाताने करावे अशी चाळिशीत अनेकांना होते तशी इच्छा. ओळखीच्या एका कुक्कुटपालकाकडून गिरिराज जातीच्या चार तलंगा आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी; हा शब्दही आम्ही त्या दिवशी प्रथमच तोंडाने उच्चारला. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली जात. अंगाने दणकट, स्वभावाने गरीब आणि उकिरड्यावर आपले आपण निम्मे पोट भरणारी.

नवशिक्यांच्या सगळ्या चुका आम्ही क्रमाने केल्या. अंड्यांसाठी कोंबडा लागतो, असा आमचा समज होता. तो चुकीचा निघाला. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी, अंडी कोंबडी एकटीच घालते. रोज सकाळी ठरल्या वेळी अंडे मिळेल ही अपेक्षाही फोल ठरली. एक अंडे तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यामुळे घालण्याची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकते, दुपारपर्यंत जाते आणि मग कोंबडी एक दिवस सुट्टी घेते. मार्गशीर्षात दिवस लहान झाले तशी अंडी घटली, तेव्हा आम्ही खाद्याला दोष दिला. वास्तविक तो उजेडाचा प्रश्न होता. कोंबडीला भरपूर अंडी घालायला चौदा-एक तासांचा प्रकाश लागतो. एकदा अंड्यांची टरफले कागदासारखी पातळ येऊ लागली, ती शिंपल्यांचा भुगा देऊ लागल्यावर सुधारली. खुराड्याला जी जाळी मारली होती तिच्यातून कोंबडी बाहेर जात नसे, पण साप-मुंगूस सहज आत येऊ शकले असते, हे आम्हाला सुताराने सांगितले. जाळी बारीक डोळ्यांची हवी, आणि दाराला आकडा नव्हे तर सरकवायची कडी हवी. आम्ही दोन्ही बदलले. या कडीची गोष्ट पुढे येणार आहे.

परसाच्या मागच्या बोळात एक मावशी राहतात. वय साठीच्या पुढे. मळ्यात भांगलणीला जातात, दोन घरची धुणीभांडी करतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो, त्या आम्हाला सर आणि मॅडम म्हणतात. वयाचा आणि शिक्षणाचा हा विचित्र व्यवहार आपल्याकडे सर्वत्र असाच चालतो. आमच्या कोंबड्या पाहून त्या पहिल्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "बऱ्या हाईत. पन ह्या बसायच्या न्हाईत."

बसायच्या नाहीत म्हणजे अंड्यांवर. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. अंडी घालणे थांबवून, पिसे फुलवून, जवळ येणाऱ्यावर गुरगुरत एका जागी बसून राहते. एकवीस दिवस अंडी उबवायची आणि पुढे दोन-तीन महिने पिल्ले हिंडवायची, यातच तिचे बरेचसे वर्ष जाते. म्हणून तिची वर्षाची अंडी साठ-सत्तरच्या आसपास. व्यापारी जातींच्या कोंबड्या वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देतात, कारण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांच्यातून हे खुडूकपण जवळजवळ काढून टाकले आहे. आळशी माणसाला आपण 'खुडूक कोंबडी' म्हणतो. ती तशी बसते तेव्हा काही करत नसते असे मानणारी ही नजर कुणाची, असा प्रश्न त्या वेळी आम्हाला पडला होता, आणि तेवढ्यावर आम्ही स्वतःवर खूषही झालो होतो.

मावशींकडे पूर्वी वीस-बावीस कोंबड्या होत्या. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तिथून इतक्या दूर असूनही इथे त्यांच्या कोंबड्या महिनाभर कुणी फुकटसुद्धा घेईना, ही आठवण त्या अजून सांगतात. पुढे रस्ता रुंद झाला, त्यात त्यांचे अंगण गेले, आणि आता त्यांच्यापाशी तांबड्या रंगाची एकच गावरान कोंबडी राहिली होती. ती खुडूक झाली तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. त्यांच्याकडे जागा नव्हती, बोळातल्या कुत्र्यांची भीती होती. आमच्याकडे जागा होती, कुंपण होते. कोंबडी त्यांची, अंडी त्यांची. जागा, खाणे आणि राखण आमची. पिल्ले होतील ती निम्मी निम्मी. "अर्धलीनं ठिवा," त्या म्हणाल्या.

अर्धलीने जमीन करतात, शेळी पाळतात, हे आम्ही कथा-कादंबऱ्यांतून शिकवले होते. कोंबडीही अर्धलीने देतात हे नवीन होते. त्या शब्दाचा आम्हाला आनंदच झाला. एका जुन्या व्यवहारात आपल्याला सामील करून घेतले जात आहे, अशी काहीशी भावना होती. आता वाटते की आम्हाला शब्द मिळाला आणि करार मात्र ऐकू आला नाही.

मागच्या पडवीत लाकडी पेटी मांडली. तळाला राख, वर भाताचे काड, त्यात बारा अंडी. सातव्या रात्री विजेरीच्या उजेडात एकेक अंडे धरून पाहिले. दहांत लालसर शिरांचे जाळे दिसले, दोन नितळ होती, ती काढून टाकली. कोंबडी रोज सकाळी एकदाच उठे. दाणे टिपायचे, पाणी प्यायचे, घाण करायची आणि दहा-पंधरा मिनिटांत परत अंड्यांवर. ती आत गेली की पेटीचे जाळीचे दार लावून कडी सरकवायची. एवढेच आमचे काम होते.

सतराव्या दिवशी विद्यापीठाच्या परीक्षा सुरू झाल्या. दोघांनाही सकाळच्या सत्रात पर्यवेक्षण होते. एकाने कोंबडी बाहेर काढली, दुसऱ्याने ती आत गेलेली पाहिली, आणि कडी दुसऱ्याने लावली असेल असे धरून दोघेही निघालो. दीड वाजता परतलो तेव्हा पडवीभर पिसे होती. मुंगसाचे काम होते. मुंगूस दिवसाच हिंडते, हेही आम्हाला नंतर कळले. अंडी फुटलेली होती. काहींतली पिल्ले जवळजवळ पुरी झालेली, अंगावर ओली लव आलेली.

मावशींना बोलावले. त्यांनी पेटीकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि विचारले, "कडी कुनी लावायची व्हती?"

आम्ही दोघेही एकदम म्हणालो, "आम्ही."

त्या काही बोलल्या नाहीत. पिसे गोळा करू लागल्या. आम्ही चुकल्याचे सांगितले, वाईट वाटल्याचे सांगितले, आणि कोंबडीचे म्हणून पाचशे रुपये पुढे केले. बाजारभावाने ते बरोबर होते. मावशींनी नोट घेतली नाही. त्या पायरीवर बसल्या आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या.

"बारा ठिवली व्हती. दोन तुमीच काडली. ऱ्हायली धा. त्यातली दोन घार न्हील, न्हाईतर मांजार. आठ. दोन मानमोडीनं जात्यात. सा. तीन तुमची, तीन माजी. एक कोंबडा म्हना, दोन तलंगा. कोंबडा जत्रंला सहाशाला जातोय. तलंगा चारशे-चारशे. आनि ही पाचशाची. एकोनीसशे."

आणि तेव्हा आमच्यापैकी एकाच्या तोंडून हसत हसत निघून गेले, "मावशी, हे शेखचिल्लीसारखं झालं की!"

मावशी हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. "आसंल," एवढेच म्हणाल्या.

ते हसू त्या रात्री आम्हाला झोपू देईना. शेखचिल्लीची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक मुलाला सांगितली जाते. डोक्यावर अंड्यांची टोपली, अंड्यांतून कोंबड्या, कोंबड्यांतून शेळ्या, मग घर, मग लग्न, आणि अखेरीस एका झटक्यात सगळा चुराडा. तिचे जुने भावंड पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात आहे. तिथे सातूच्या पिठाचे मडके आहे आणि न जन्मलेल्या सोमशर्म्याचा बाप आहे. आम्ही ही गोष्ट दिवास्वप्नाचा उपहास म्हणून शिकवतो. परंतु त्या रात्री दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहिले तेव्हा दिसले की शेखचिल्ली फक्त गुणाकार करतो. त्याच्या गणितात घार नाही, मांजर नाही, मानमोडी नाही, वाटेकरी नाही. मावशींनी मात्र गुणाकार एकदाही केला नव्हता. बारापासून तीनपर्यंत त्या वजाबाकीच करत आल्या होत्या. आमचा निम्मा वाटासुद्धा, आम्ही राखण केलेली नसताना, त्यांनी प्रामाणिकपणे वजा केला होता. हे स्वप्न नव्हते, तो अंदाजपत्रक मांडणाऱ्या माणसाचा हिशेब होता. आणि दुसरे असे की शेखचिल्लीची टोपली त्याच्याच हातून पडते. ही टोपली आमच्या हातून पडली होती.

भविष्यातल्या उत्पन्नाचा हिशेब आज मांडणे यात हसण्यासारखे काय आहे? आम्ही स्वतः सातव्या वेतन आयोगाचा फरक, वार्षिक वेतनवाढ आणि निवृत्तीच्या वेळची शिल्लक यांचे तक्ते मांडत असतो. त्याला नियोजन म्हणतात. तीच गोष्ट पडवीच्या पायरीवर बसलेली बाई बोटांवर करते तेव्हा आम्हाला बोधकथा आठवते. वीस वर्षे आम्ही ग्रामीण आणि दलित साहित्यातील दारिद्र्याचे चित्रण शिकवले, त्यावर प्रश्न काढले, उत्तरे तपासली. कथेतल्या बाईची कोंबडी मेली तर ती कशाचे प्रतीक आहे, हे आम्ही सांगत आलो. ती कितीची होती हे आम्ही कधी विचारले नाही. आमच्या चार गिरिराजांतली एखादी गेली असती तर आम्ही हळहळलो असतो आणि अंडी दुकानातून आणली असती. मावशींच्या घरातून त्या दुपारी त्यांचे सगळे भांडवल गेले होते, आणि आम्ही त्याची नुकसानभरपाई मांसाच्या भावाने देऊ पाहत होतो.

त्या पाचव्या तंत्राचे नाव 'अपरीक्षितकारक' आहे, म्हणजे नीट न पाहता केलेली कृती. त्यातच ब्राह्मणीच्या मुंगसाचीही गोष्ट आहे. तिथे मुंगूस निर्दोष असते आणि दोष घाई करणाऱ्या माणसाचा असतो. हा योगायोग आमच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नाही. आमच्या पडवीतले मुंगूसही, पाहू गेल्यास, निर्दोषच होते. दार उघडे होते आणि ते आत आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकोणीसशे रुपये नेऊन दिले. हसल्याबद्दल माफी मागितली. मावशींनी पैसे मोजून घेतले, पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाल्या, "बरं झालं, बाजार मंगळवारी हाय." त्या मंगळवारी त्यांनी दोन तलंगा आणल्या. त्या आमच्याकडे आल्या नाहीत. पुढे त्यांतली एक खुडूक झाली, तेव्हा ती त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या एका घरी अर्धलीने ठेवली. आम्ही त्याविषयी काही विचारले नाही. विचारण्यासारखे काही नव्हतेच. पैसे फिटले होते, पण राखणदार म्हणून आमची पत गेली होती. ती पैशाने परत येत नसते हे मावशींना माहीत होते, आणि आम्हालाही कळायला हवे होते.

आमच्या कोंबड्या आता तीन उरल्या आहेत, एक म्हातारपणाने गेली. पिसे झडण्याच्या दिवसांत अंडी बंद होतात, पुन्हा सुरू होतात. सरासरी दिवसाला एखादे मिळते. ताज्या अंड्यांची हौस भागते. मावशी येता-जाता कुंपणापाशी थांबतात, कोंबड्यांच्या तुऱ्यांचा रंग पाहतात, एखादी सूचना करतात. बोलणे पूर्वीसारखेच आहे.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून त्यात सर्वत्र 'आम्ही' आहे. मराठीत हे सर्वनाम सोयीचे आहे. ते आदरार्थी चालते, संपादकीय चालते, आणि त्यात कडी कुणी लावायची होती हे सांगावे लागत नाही. घरात मात्र एक बदल झाला आहे. दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात गेल्या की दोघांपैकी कुणीतरी मागच्या दारी जाते, आणि परत आल्यावर दुसऱ्याने न विचारता सांगते, "कडी मी लावली."