मऊ खड्यांची झिलई

खड्यांना झिलई देणें हें काम जव्हेऱ्याचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गेल्या वर्षापासून आमच्या पडवींत एक लहानसें रबरी पिंप विजेच्या मोटारीवर रात्रंदिवस फिरत असतें, आणि त्याच्या घरघरीची आमच्या कुटुंबास आतां इतकी संवय झाली आहे कीं, तें थांबलें म्हणजेच झोप मोडते. या यंत्रास टम्बलर म्हणतात. आंत खडे, पाणी व कार्बोरंडमची पूड घालावयाची, झांकण घट्ट बसवावयाचें, आणि नदीला जें करावयास वर्षानुवर्षें लागतात तें कांहीं आठवड्यांत होऊं द्यावयाचें, एवढीच त्यांतील युक्ति.

नवशिक्यास कठीण खडे सोपे आणि मऊ खडे अवघड, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. १८१२ सालीं फ्रीडरिख मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें, कोणता दगड कोणावर ओरखडा काढतो हें पाहून, काठिण्याच्या दहा पायऱ्या ठरविल्या. त्यांत हिरा दहावा, गारगोटी सातवी, फ्लोराइट चौथा आणि कॅल्साइट तिसरा. अकीक हा गारगोटीच्याच जातीचा. तो महिनाभर गडगडला तरी हूं कीं चूं करीत नाहीं. कॅल्साइटवर मात्र साध्या लोखंडी खिळ्यानें रेघ उमटते. शिवाय त्यास तीन दिशांनीं, व फ्लोराइटास चार दिशांनीं, सरळ फुटण्याची खोड असते. पिंपांत एक धक्का बसला कीं कोपरा उडालाच!

दख्खनच्या काळ्या पाषाणांत, लाव्हारस थंड होतांना राहिलेल्या पोकळ्यांमध्यें, कॅल्साइट सांपडतो; विहिरीसाठीं सुरुंग उडविला म्हणजे दगडांबरोबर तोही वर येतो. आमच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीनंतर असाच एक खडा फडक्यांत गुंडाळून घेऊन आला. त्याच्या आजोबांनीं खणलेल्या विहिरींतला तो. पुढें शेत विकलें गेलें, विहीरही त्याबरोबर गेली. घरांत उरला तो हा खडा. “सर, हा चमकवून द्या, आजीला द्यायचा आहे,” असें त्याचें म्हणणें.

आम्हीं प्रथम त्याच्या हातीं एक अकीक आणि कॅल्साइटचा एक कवडीमोल तुकडा दिला, व दोन्ही जाड्या पुडींत एकत्र फिरवून पाहावयास सांगितलें. चार दिवसांनीं पिंप उघडलें. अकीक जवळजवळ जसाच्या तसा, आणि कॅल्साइटची वाटाण्याएवढी गोळी उरलेली! मुलाचा चेहरा उतरला.

मऊ खड्यांस त्यांच्याच तोलाचे सोबती द्यावे लागतात. (येथें आम्हांस वर्गाची आठवण होते, पण तो विषय निराळा.) त्यांच्यासाठीं ६० नंबरची जाडी पूड वगळून २२० पासून, आणि खडा मुळांतच बरा असेल तर ५०० पासून, आरंभ करावा. पिंप दोनतृतीयांशाहून थोडें अधिक भरावें, कारण पिंप रिकामें असेल तर खडे उंचावरून आदळतात. मधल्या जागेंत प्लास्टिकचे बारीक मणी घालावे, व रोज उघडून पाहावें. प्रत्येक पायरीनंतर खडे व पिंप अगदीं स्वच्छ धुवावें. जाड्या पुडीचा चुकार कण पुढें गेला तर तो शेवटच्या झिलईवर ओरखडे काढीत बसतो. गाळ मोरींत ओतूं नये, तो नळांत सिमेंटासारखा बसतो. आणि गृहिणींनीं खड्यांस लिंबू लावून पाहूं नये. आम्लानें कॅल्साइट झिजतो व चमक जाते.

आतां त्या मुलाच्या खड्याविषयीं. तो फुटका तुकडा नव्हता. त्याचे पैलू निसर्गानेंच घडविलेले, आणि छापील पानावर ठेवला तर एका ओळीच्या दोन ओळी दिसत. असा खडा पिंपांत घालूं नये, असें आमचें मत आहे, व तें आम्हीं त्यास स्पष्ट सांगितलें. गुळगुळीत गोटा कोणासही करतां येईल. गेलेले पैलू परत आणतां येणार नाहींत. त्याच्या वडिलांना हें पटलें नाहीं. चमकत नाहीं तो खडा घरांत ठेवून काय करावयाचें, असें ते म्हणाले; आणि त्यांचेंही अगदींच चूक होतें असें नाहीं.

दोन दिवसांनीं मुलगा आला व म्हणाला, “सर, आजीला आतां नीट दिसत नाहीं. पण बोटांनीं कोपरे कळतात.”

खडा त्यानें साध्या पाण्यानें धुवून परत नेला. त्याऐवजीं खाणींत वेंचलेले सात फुटके तुकडे सध्यां पिंपांत फिरत आहेत. ५०० नंबर चालू आहे, आणि तो रोज मधल्या सुट्टींत त्यांची विचारपूस करावयास येतो.