बिनबोटांचे हातमोजे

मार्गशीर्ष सरत आला, की निफाडची थंडी कोणाचीही भीड धरीत नाही. नाशिक जिल्ह्यातील हा तालुका द्राक्षांसाठी जसा प्रसिद्ध आहे, तसाच थंडीसाठीही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तेथील तापमानाची नोंद होते, आणि कित्येक हिवाळ्यांत हा पारा ५ अंशांच्याही खाली उतरलेला आहे. अशा रात्री द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. त्या माणसांसाठी नसतात, वेलींसाठी असतात. थंडीने मण्यांची वाढ खुंटते, तयार होत आलेले मणी तडकतात. म्हणून बागाईतदार रात्र जागून काढतो आणि बागेवर धुराचे पांघरूण घालतो.

पण वेलींची अशी काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातांची काळजी कोणी घ्यायची? त्या तालुक्यातील एका घरात हे काम एका आजीने आपल्याकडे घेतले होते.

तिचा मुलगा भल्या सकाळी बागेत जाई. घडात मण्यांची दाटी झाली, तर ते नीट पोसत नाहीत. म्हणून बारीक टोकाच्या कात्रीने मधले मणी काढून टाकावे लागतात. या कामाला विरळणी म्हणतात. डाव्या हातात दवाने भिजलेला गार घड आणि उजव्या हातात लोखंडी कात्री! तासाभरात बोटे लाकडासारखी होत. बाजारातून आणलेले हातमोजे त्याने घालून पाहिले. परंतु त्यांत कात्री धरता येईना आणि मणी बोटांना कळेना. दोन दिवसांनी ते मोजे खुंटीला लागले.

“त्याला ऊब हवी, आणि बोटेही हवीत,” आजी म्हणाली. तिने क्रोशाची सुई काढली.

बोटे उघडी ठेवणारा मोजा पाहून कित्येकांना तो अर्धवट राहिलेला वाटतो. तसे वाटणे चूक आहे. बोटे हलविणारे बरेचसे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तेथून दोऱ्यांसारखे कंडरे निघून मनगटातून बोटांकडे जातात आणि कळसूत्री बाहुलीप्रमाणे बोटे हलवितात. बोटांना ऊब देणारे रक्तही मनगटातूनच पुढे येते. तेव्हा मनगट आणि तळहात झाकला, तर उघडी बोटेही बराच वेळ चपळ राहतात. आजीला शरीरशास्त्र ठाऊक नव्हते. पण पहाटे गाईची धार काढताना तिने वर्षानुवर्षे मनगटांवर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

प्रथम लोकर आली. दुकानात लोकर म्हणून मिळणारा प्रत्येक धागा मेंढीच्या अंगावरचा असतोच असे नाही. आजीने धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून दिव्याच्या ज्योतीवर नेला. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. खरी लोकर केस जळल्यासारखा वास सोडते आणि ज्योतीबाहेर काढताच बहुधा विझते. वास आला, तेव्हा आजीचे समाधान झाले. दवात काम करणाऱ्याला खरी लोकरच हवी. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. घरात धनगराकडून घेतलेली घोंगडी होती, तीही लोकरीचीच. पण ती लोकर इतकी राठ, की तिचा मोजा हाताला टोचला असता.

मग माप. मुलगा रात्री जेवायला बसला असता आजीने त्याच्या मुठीभोवती दोरा गुंडाळला आणि गाठ मारली. दोन सुयांवरचे विणकाम हवे तसे ताणले जाते; क्रोशाचे काम जाड आणि घट्ट, ते फारसे ताणत नाही. त्यामुळे माप चुकले की मोजा चुकला. मात्र क्रोशाचा एक मोठा गुण आहे. दोन सुयांवर एका वेळी चाळीस-पन्नास घरे मोकळी असतात आणि सुई निसटली की ती सारी धोक्यात येतात. क्रोशाच्या आकडीवर बहुधा एकच फास उरतो. तेवढा सांभाळला, की काम कोठेही थांबवावे आणि कोठेही पुढे चालवावे. आयर्लंडात १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढे काही वर्षे भयंकर दुष्काळ झाला. त्या काळात तेथील कित्येक बायकांनी ही आकडी हाती धरून सुताच्या नाजूक जाळ्या विणल्या आणि त्या विकून घर चालविले. शेती बुडाल्यावर घर कसे चालते, हे द्राक्षाच्या मुलखात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आजीने मनगटाची पट्टी आधी विणली. तिच्या कडेवर ३६ टाके घेऊन ती गोल फिरू लागली. साखळीनंतर मुका खांब, पुन्हा मुका खांब. तिची बारा वर्षांची नात शेजारी बसून फेर मोजीत होती.

“आजी, नुसता पांढरा मोजा काय चांगला दिसेल?”

आजी उठली आणि पेटीतून आपले करवतकाठी लुगडे घेऊन आली. या लुगड्यांच्या काठावर करवतीसारखे दात विणलेले असतात. “हे दात घेऊ,” ती म्हणाली. नातीने गणिताच्या वहीत चौकोन आखून नक्षी उतरविली. ६ टाक्यांचा एक दात, म्हणून ३६ टाक्यांत बरोबर ६ दात बसले. पांढऱ्याच्या जोडीला तपकिरी धागा आला. जो रंग नको असेल, तो धागा टाक्यांच्या पोटातून लपवून पुढे न्यायचा. रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा फास नव्या धाग्याने ओढायचा. नाहीतर दाताची कड फाटल्यासारखी दिसते. धाग्यांच्या या दुहेरी थराने मोजा अधिक उबदारही होतो. म्हणजे नक्षी ही केवळ शोभा नव्हती.

पाच फेर झाल्यावर नात ओरडली, “अगं, दात वाकडे झाले!”

ते खरोखरच कलले होते. उजव्या हाताने मुके खांब गोल विणीत गेले, की प्रत्येक फेराचा टाका खालच्या टाक्यापेक्षा किंचित उजवीकडे सरकतो. हा विणणाऱ्याचा दोष नव्हे, टाक्याचा स्वभाव आहे.

“करवतीचे दात सरळ असतात का ग?” आजीने विचारले आणि ती पुढे विणू लागली.

अंगठ्यासाठी फट ठेवून पहिला मोजा सहाव्या दिवशी पुरा झाला. त्याच रात्री थंडी एकदम वाढली. सकाळी आजीच्या बोटांचे पेर सुजले होते. तिने दोनदा सुई धरली, दोनदा ती हातातून गळली. दुसऱ्या मोजाची केवळ मनगटपट्टी झाली होती. मुलगा एकच मोजा घालून बागेत गेला. तो कोणत्याही हाताला चाले, म्हणून घटकाभर डाव्या हातात आणि घटकाभर उजव्या हातात घाली. घरी आला, तेव्हा त्याला भाकरीचा तुकडा मोडता येईना.

ते पाहून नातीने सुई उचलली. तिला साधा रुमाल विणता येत होता; दोन रंग ठाऊक नव्हते. मोजा चांगला व्हावा म्हणून तिने प्रत्येक टाका आवळून ओढला. टाके ३६च होते, पण मोजा दोन बोटे अरुंद झाला. तो उसवावा लागला. उसवलेली लोकर नागमोडी होते. ती धुऊन, तिच्या लडीला खाली तांब्या टांगून आजीने ती सरळ करून दिली. दुसऱ्या खेपेस नातीने हात सैल सोडला, तर पांढऱ्यातून तपकिरी धागा डोकावू लागला आणि मोजताना एक टाका गळाला. ३५ टाक्यांत सहावा दात कसा बसणार? तिने ते काम भिंतीवर फेकले आणि ती रडू लागली.

आजी रागावली नाही आणि तिने समजूतही काढली नाही. तिने गुंडा उचलला, सुजलेल्या बोटांनी नातीच्या करंगळीवर धाग्याचा एक वेढा दिला आणि म्हटले, “ओढू नकोस. तो आपण होऊन येईल. मी मोजते.”

मग एकजण विणीत होती आणि एकजण मोजीत होती. बाहेर बागेत शेकोट्या धुमसत होत्या.

मुलाला जोडी मिळाली ती चौथ्या दिवशी. दोन्ही मोजे अगदी सारखे नव्हते. नातीचा किंचित घट्ट होता. करवतीचे दात डाव्या हातावर अंगठ्याकडे झुकत आणि उजव्या हातावर करंगळीकडे. त्याने घट्ट मोजा कात्रीच्या हातात चढविला आणि मूठ दोनदा उघडून मिटून पाहिली. कोणता कोणी विणला, हे त्याने विचारले नाही.

दुपारी नात भाकरी घेऊन बागेत गेली. विरळणीला येणाऱ्या बायका बांधावर उन्हाला बसल्या होत्या. त्यांतील एकीने मालकाचे मोजे न्याहाळले आणि काही न बोलता स्वतःचा भेगाळलेला हात पुढे केला. नातीच्या परकराच्या खिशात लोकरीचा एक उरलेला तुकडा होता. तो तिने त्या मुठीभोवती गुंडाळला आणि गाठ मारली.