अष्टागरातील एक दिवस

विवाहास अठ्ठावीस वर्षे होऊन गेली, तरी सौभाग्यवतीचे माहेर मी नीट असे पाहिले नव्हते, हे सांगावयास मला संकोच वाटतो. लग्नाच्या वेळी एकदा गेलो होतो. पुढे तिचे आईवडील मुंबईस मुलाकडे येऊन राहिले आणि चौल केवळ गोष्टींत उरले. गेल्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा मी बांधून ठेवला, त्या रात्री ती म्हणाली, “अहो, एक दिवस मला चौलास न्या. दुसरे काही मागत नाही.” तिने खरोखरच आजवर काही मागितले नव्हते, तेव्हा नाही म्हणण्यास तोंड उरले नाही.

गेटवेहून सकाळच्या पहिल्या बोटीने आम्ही मांडवा गाठले. तेथून बसने अलिबागेस आलो व पुढे दिवसभराकरिता एक रिक्षा ठरविली. अलिबाग मागे पडले आणि दोहो बाजूंस नारळी-पोफळींच्या वाड्या सुरू झाल्या. घराघरापुढे पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. कुंपणांतून तांबडे रातांबे डोकावत होते. रस्त्यावर ऊन रणरणत असताना वाडीच्या पाऊलवाटेवर मात्र माजघरातला गारवा होता.

वाटेत आक्षी लागली. तेथील प्रसिद्ध शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात. मराठीच्या आजवर ज्ञात अशा अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते, तथापि पुष्कळ वर्षे तो दगड दुर्लक्षित पडून होता. अठ्ठावीस वर्षे वर्गात ज्याचे नाव घेतले, तो मी प्रथमच पाहत होतो. मी त्याचे महत्त्व समजावून सांगू लागताच सौभाग्यवतीने विचारले, “ज्याने हे कोरले, त्याचे शुद्धलेखन कोणी तपासले होते का हो?” मी हसलो. त्या प्रश्नातील बोच तेव्हा माझ्या ध्यानी आली नाही.

चौल एके काळी मोठे बंदर होते. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात येथेच उतरला. आज ते वैभव राहिले नाही. रामेश्वराचे देऊळ, त्यापुढील पुष्करिणी आणि शांत वाड्या तेवढ्या आहेत. अशाच एका वाडीत सौभाग्यवतीची वृद्ध मावशी राहते. आम्हांस पाहताच ती माउली ओसरीवरून उठली. “बाय गो, कवा आलीस? मना वाटला तू इसरलीस!” आणि काय आश्चर्य! माझी पत्नी त्याच बोलीत उत्तर देऊ लागली. शब्दांमागून शब्द असे येऊ लागले, की जणू आटलेल्या झऱ्यास पुन्हा पाणी फुटले. दोघी हसत होत्या, रडत होत्या. मी, मराठीचा शिक्षक, शेजारी बसून निम्मे समजत होतो व निम्मे समजल्यासारखे दाखवीत होतो.

तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती “मना” म्हणाली की मी “मला” म्हणावयास लावीत असे. “पानी” म्हणाली की “पाणी”. एकदा तर माझ्या मित्रांदेखत मी तिची चूक सुधारली. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर ती बोली आमच्या घरात पुन्हा ऐकू आली नाही. आमच्या मुलांना त्यातला एकही शब्द येत नाही. ती पुसून टाकल्याचे श्रेय, किंवा दोष म्हणा, माझा आहे.

दुपारी रेवदंड्याच्या किल्ल्यातून व कुंडलिकेच्या खाडीवरील पुलावरून आम्ही कोर्लईस गेलो. दीपगृहापासून किल्ल्यावर चढण्याची वाट आहे. वर पोचलो तेव्हा एका अंगास अथांग समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी दिसली. वारा असा सुटला होता, की चढणीचा शीण क्षणात गेला. हा मुलूख पोर्तुगीजांकडून १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. राज्यकर्ते गेले, परंतु कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबांच्या घरात त्यांच्या भाषेपासून उपजलेली एक बोली राहिली. तिला ते आपल्या बोलीत ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज मुळाचे, पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. बोलणारे असतील सुमारे हजारभर.

गावात एक आजीबाई नातवास त्या बोलीत रागे भरत होत्या. आम्हांस पाहून त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “उन्हातून आलात, पाणी घ्या.” घरात एक भाषा, दारात दुसरी, आणि एकीमुळे दुसरीस बाध नाही! पाठीशी राज्य नाही, पाठ्यपुस्तक नाही. केवळ आयांनी व आज्यांनी मुलांशी बोलणे सोडले नाही, एवढ्यावर ही बोली पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली. आणि मी एका वर्षात काय केले होते?

परतीच्या बोटीत मी सौभाग्यवतीस म्हटले, “मावशी बोलली त्यातले मला पुष्कळसे कळले नाही. शिकवशील?” ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “चुकलात तर मी सुधारणार नाही हं!” मी खिशातील टिपणवही काढली. गेटवे येईपर्यंत दोन पाने भरली.

विद्यार्थिमित्रांनो, शाळेत जी प्रमाण मराठी तुम्हांस शिकवितो ती मन लावून शिका. तिच्यावाचून चार गावांचे लोक एकत्र लिहू-वाचू शकणार नाहीत. परंतु या सुटीत आपल्या आजीजवळ बसा, तिच्या बोलीतील शब्द विचारा आणि वहीत लिहून आणा. त्या वहीवर माझी तांबडी पेन्सिल चालणार नाही, असे वचन मी आजच देऊन ठेवतो.