स्थावर

चिपळूणच्या माणसाला विचारा जमीन कुठून आली, तो परशुरामाची गोष्ट सांगेल. बाण मारला, समुद्र मागे हटला, कोकण वर आलं. मी भूगर्भशास्त्र शिकले तरी ही गोष्ट मला आवडते. बाण सोडून द्या, पण क्रम बरोबर आहे. आधी पाणी, मग जमीन.

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. तिचं सुरुवातीचं कवच बहुतांशी बेसॉल्टसारख्या काळ्या, जड दगडाचं होतं. समुद्राचा तळ आजही बेसॉल्टचाच आहे. तो जुना, थंड झाला की पृथ्वीच्या पोटात परत जातो, म्हणून बहुतेक समुद्रतळ २० कोटी वर्षांपेक्षा तरुण आहे. खंड मात्र टिकतात. ते ग्रॅनाइटसारख्या हलक्या दगडाचे असतात, सहजी बुडत नाहीत.

हा हलका दगड आला कुठून? कराडकडे मामाच्या गावी गुऱ्हाळात मी पाहिलंय, काहिलीत रस उकळला की मळी वर येते. न्याय साधारण तोच. पाणी मुरलेला बेसॉल्ट खोलवर तापला, पण सगळा वितळला नाही. जे आधी वितळलं त्यात सिलिका जास्त होती. ते हलकं होतं, वर आलं आणि थिजलं. जड गाळ खाली राहिला. असं पुन्हा पुन्हा, कोट्यवधी वर्षं. पाणी नसतं तर हा दगड एवढा तयारच झाला नसता.

एमएस्सीला असताना आम्हाला झारखंडमधल्या सिंहभूमला नेलं होतं. तिथल्या वालुकाश्मावर सरांनी हात ठेवायला लावला. म्हणाले, "वाळू म्हणजे पुरावा." वाळू व्हायची तर आधी कुठेतरी उघडी जमीन हवी, ऊनपावसात झिजणारी. या वाळूत झिरकॉनचे बारीक कण असतात. त्यांच्यातल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं, त्यावरून वय मोजता येतं. प्रियदर्शी चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली याच भागाचा अभ्यास मांडला. तिथलं कवच खालून येणाऱ्या लाव्हारसाने जाड होत सुमारे ५० किलोमीटरपर्यंत गेलं, आणि ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी ती जमीन समुद्राबाहेर आली. खंड साधारण २५० कोटी वर्षांपूर्वी वर आले, असं तोवर बहुतेक जण मानत होते. तिथे खंडांची टक्कर झाली नव्हती. जमीन आपल्याच हलकेपणाने वर आली.

बाबा गेल्यावर घरात हक्कसोडपत्राचा कागद आला. त्यावर 'स्थावर मिळकत' असा शब्द होता. मला हसू आलं. भारताचा अख्खा तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतोय. आमच्या भातखाचरांखालचा काळा दगड जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. घाटापलीकडे कोयनेत भोक पाडलं तेव्हा तो किलोमीटरभराने संपला आणि खाली जुना ग्रॅनाइट लागला. कशाला स्थावर म्हणायचं?

दादा म्हणाला, "तू काय कवळ तोडायला येणारेस का?" काका म्हणाले, "बाय, जमीन शेवटी कुणाची असते? सगळं इथंच राहायचं."

काकांचं वाक्य माझ्या शास्त्राला धरूनच होतं. पण ते त्यांनी दादाला ऐकवलं नव्हतं. जमीन कुणाचीच नसते, हे ज्ञान नेहमी सोडणाऱ्याला सांगतात, ठेवणाऱ्याला नाही. कोटी वर्षांचा हिशेब समोर असला की चार गुंठे क्षुल्लक वाटतात खरे. पण त्याच हिशेबात माणसाचं आयुष्यही क्षुल्लक आहे, म्हणून आपण जेवायचं थांबत नाही.

आणि मुलगी म्हणजे परक्याचं धन, घरात तिचं वजन हलकंच. हलकं काय करतं, हे मी सिंहभूमला पाहिलं होतं. ते बुडत नाही.

मी सही केली नाही. दादा दोन महिने बोलला नाही. आई मात्र त्या रात्री माझ्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढून गेली.

सातबाऱ्यावर आता दादाच्या नावाखाली माझं नाव आहे. यंदा लावणीला गेले होते, कवळ तोडायचे दिवस चुकले तरी. बांध एका जागी फुटला होता आणि आमची माती वाशिष्ठीच्या वाटेला लागली होती. दादाने दुसरं फावडं माझ्याकडे सरकवलं.