डिस्कची वाटणी: धोका नेमका कुठे?

नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एकच सी ड्राइव्ह दिसतो आणि ‘याचे दोन भाग करून द्या, पण आतलं काही जायला नको’ ही मागणी ठरलेली असते. मागणी रास्त आहे. तिच्यामागची भीती मात्र भलत्याच जागी बसली आहे. पार्टिशन म्हणजे मुळात एक नोंद. 1983 साली पीसी-डॉस 2.0 बरोबर आलेल्या जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांपैकी फक्त 64 बाइट या कामाला दिलेले आहेत: चार नोंदी, प्रत्येकी 16 बाइट. भाग कुठून सुरू होतो, किती मोठा आहे, कोणत्या प्रकारचा आहे, एवढंच त्यात असतं. आजच्या जीपीटी पद्धतीत तर नोंदींच्या या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. सातबाऱ्यावरची नोंद पुसली गेली म्हणून शेतातलं पीक जळत नाही. म्हणूनच तक्ता बिघडला तरी टेस्टडिस्कसारखी साधनं हरवलेले भाग पुष्कळदा शोधून काढतात. (एसएसडी चुकून फॉरमॅट झाली तर मात्र हा भरवसा धरू नये. ट्रिमच्या आदेशाने ती जागा खरोखरच रिकामी होऊ शकते.)

मग डेटा जातो कशाने? हलवाहलवीने. सी ड्राइव्ह शेवटाकडून आखडायचा असेल, तर कापायच्या रेषेपलीकडे पडलेले तुकडे तेवढे अलीकडे आणावे लागतात. व्हिस्टापासून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये हे चालू यंत्रावरच होतं. निम्मी डिस्क रिकामी असूनही ते थोडीच जागा देऊ करतं, तेव्हा लोक वैतागतात. पण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल किंवा मास्टर फाइल टेबलचा तुकडा वाटेत असला की ते थांबतं, आणि थांबतं हेच बरं. हायबरनेशन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून, यंत्र पुन्हा सुरू करून पाहिलं की बरेचदा अडथळा सुटतो. भागाची सुरुवात बदलणं हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे अख्खा भाग उचलून नव्या जागी मांडावा लागतो आणि मध्येच वीज गेली तर अर्धा मजकूर इथे, अर्धा तिथे. म्हणून डेटा वाचणं हे सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा आपण कोणती कड हलवतो यावर जास्त ठरतं, असं माझं मत आहे.

यावर कोणी म्हणेल, जीपार्टेडसारख्या पार्टिशनच्या साधनाने सुरुवातही सरकवता येते आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. खरं आहे. वीज गेली तर यूपीएस सांभाळेलही, पण तासन्‌तास चालणाऱ्या त्या कामात एखादा खराब सेक्टर लागला, तर तो काय करणार? सगळा डेटा उचलायचाच आहे, तर तो दुसऱ्या डिस्कवर उतरवून, तपासून, मग भाग नव्याने पाडावेत. वेळ जास्त जाईल, पण निदान एक प्रत कायम शाबूत राहते. बॅकअप घ्यायचाच तर मग आखडण्याचा खटाटोप कशाला, हा आक्षेपही येतो. कारण साधं आहे: आखडणं जमलं तर विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागत नाहीत. बॅकअप लागतो तो जमलं नाही तर. डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी हवी.

किती कापायचं, याचं उत्तरही कोणती कड हलते यातूनच निघतं. डी ड्राइव्ह मोठा करण्याच्या हौसेपायी सीला उपाशी ठेवू नये. पुढे सी वाढवायची वेळ आली, तर डी आखडला तरी मोकळी जागा त्याच्या शेवटाला निघते, सीच्या लगत नाही. ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय फिका दिसतो आणि डीची सुरुवात हलवण्याचं तेच जोखमीचं काम पुढ्यात येतं.