चार मिनिटांचा फरक

आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी. आमचे हे ती गच्चीवर दुर्बिणीपाशी घालवत. दुर्बीण ज्यावर बसते तो माउंट ईक्यू-५, कुणाचा तरी वापरलेला. पृथ्वी फिरते, तारा भिंगातून निसटतो, म्हणून बाजूची मूठ सतत हळूहळू फिरवावी लागते. गेल्या वर्षापासून ह्यांचे हात थरथरतात. मूठ धरली की सगळं आकाशच हलायचं. "विकून टाकू," एवढंच म्हणाले.

मला ते लागलं. नव्या माउंटची किंमत ऐकून ह्यांनी मान हलवली, तेव्हा मी स्टेपर मोटर, ड्रायव्हर आणि आर्डुइनो मागवलं. सोल्डरिंग करताना दोनदा बोट भाजलं. मोटर धरणारी लोखंडी पट्टी फॅब्रिकेशनवाल्याने आखूड केली, दातेरी पट्टा घसरायला लागला. परत करून घेतली.

हिशोब मात्र माझा प्रांत, बी.कॉम. उगाच नाही! ही मोटर गरागरा फिरत नाही, पावलं टाकते: एका फेऱ्याला २००. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो. मोटरची कप्पी २० दातांची, माउंटची ६० दातांची, म्हणजे तिप्पट. आत चाक १४४ दातांचं. गुणाकार १३,८२,४००. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं, सेकंदाला बरोब्बर १६! इतकं नीट उत्तर आल्यावर कोण तपासणार?

ध्रुवाकडे अक्ष लावला, फुलीच्या आयपीसमध्ये रोहिणी आणली. तासाभराने ह्यांनी डोळा लावला. "पश्चिमेला सरकलीय, दोन-अडीच कला." पुन्हा लावली, पुन्हा तेच. रात्रभर मी वायरी तपासत बसले. चूक वायरीत नव्हतीच. घड्याळाचा दिवस सूर्याचा असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकते, म्हणून तोच तारा त्याच जागी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत येतो. भाजक हवा होता ८६,१६४. उत्तर १६.०४४. शून्यानंतरचं टाकून द्यायची माझी सवय इथे नडली.

आकडा बदलला. काल रोहिणी तासभर फुलीवरून हलली नाही. हे खुर्चीत बसून बघत होते, हात मांडीवर. मधेच उजवा हात सवयीने मुठीकडे गेला. तिथे आता पट्टा आहे.