अबोल मुलाचा वैद्य

मूल बोलूं लागण्यास उशीर झाला म्हणजे घरांतील वडील मंडळी निश्चिंतपणें सांगतात, "त्याचा बापही उशिराच बोलूं लागला होता." पुष्कळदां तें खरेंही ठरतें. परंतु हिर्डोशीस एका आजीबाईंनीं मला विचारलेला प्रश्न निराळा होता. नातू चार वर्षांचा. त्याला ऐकूं येतें, पण हांकेला वळत नाहीं, नजरेला नजर देत नाहीं. "मास्तर, ह्याला कुनाला दावावं?"

मीं पुण्याच्या सरकारी रुग्णालयाचें नांव लिहून दिलें. पण तिकडच्या एका फेरीस सबंध दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही.

त्यांना जो वैद्य हवा त्याचें शिक्षण केवढें दीर्घ! साडेपांच वर्षांची एम्. बी. बी. एस्., मग मनोविकारशास्त्राची तीन वर्षांची एम्. डी., आणि त्यावर बंगळूरच्या निमहान्ससारख्या संस्थेंत बालक व किशोर यांच्या मनोविकारांची आणखी तीन वर्षांची डी. एम्. या अखेरच्या शिक्षणाचें प्रयोजन उघड आहे. प्रौढ मनुष्य आपलें दुःख शब्दांनीं सांगतो. मुलाचें दुःख पोटदुखींतून, शाळेच्या धास्तींतून, एकट्यानें चाललेल्या खेळांतून प्रगट होतें. तें ओळखावयाचें तर आईचें ऐकावें लागतें, शिक्षकांना विचारावें लागतें आणि मुलाजवळ स्वस्थ बसून त्याचा खेळ पाहावा लागतो.

हें शास्त्र आपणांस अगदींच परकें नाहीं. मुंबईस टाटांच्या समाजकार्य-विद्यालयानें बालमार्गदर्शन केंद्र 1937 सालीं काढलें. लिओ कॅनरनें अकरा मुलांच्या निरीक्षणावरून 'ऑटिझम'चें वर्णन प्रसिद्ध केलें तें त्यानंतर, 1943 सालीं.

या क्षेत्रांतील एक संशोधन मला फार मोलाचें वाटतें. गोवा व रावळपिंडी येथें 65 मुलांना घेऊन केलेला हा प्रयोग 2016 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत तज्ज्ञांऐवजीं साधे आरोग्य-कार्यकर्ते तयार केले होते. आईबाप मुलाशीं खेळत असतांना ते चित्रफीत घेत, ती त्यांनाच दाखवीत आणि मुलाच्या बारीकशा खुणेलाही प्रतिसाद कसा द्यावा हें शिकवीत. सर्वच बाबतींत गुण आला असें नव्हे. पण मुलें आपण होऊन आईबापांशीं अधिक संवाद साधूं लागलीं.

जन्मभर शिकविण्याचा धंदा केलेल्या मला वाटतें, साडेअकरा वर्षें शिकलेल्या मनुष्याची कसोटी तो किती रोगी तपासतो एवढ्यावरच नाहीं. आपल्या विद्येचा किती भाग तो दुसऱ्यांच्या हातीं देतो, यावरही आहे. अंगणवाडीच्या ताईंना या खुणा ओळखतां आल्या, तर वरंध घाटाच्या अलीकडचें मूलही शाळेंत जाण्यापूर्वींच योग्य वैद्यापर्यंत पोंचेल.